साखरेचा दाणा आणि मळी

लखनौच्या जुन्या वस्तीत गोल दरवाजा आणि अकबरी दरवाजा या दोन कमानींच्या दरम्यान जो बाजार पसरलेला आहे, त्याला चौक असे म्हणतात. चिकणकामाचे कापड आणि अत्तर यांसाठी या चौकाचा लौकिक दूरवर पोहोचलेला आहे. परंतु हिवाळ्याच्या दिवसांत तेथे जाणाऱ्याचे लक्ष वेधून घेतात ते खाद्यपदार्थ. सकाळी फेसासारखी हलकी मख्खन मलाई विकावयास येते आणि दुकानांतून तिळांनी मढविलेल्या रेवड्यांचे ढीग दिसू लागतात. त्याच सुमारास, म्हणजे पौष महिन्यात, महाराष्ट्रातील घराघरांतून संक्रांतीच्या हलव्याची तयारी चाललेली असते. रेवडी आणि काटेरी हलवा या दोहोंतही मुख्य जिन्नस तेच, साखर आणि तीळ. दोहोंचा ऋतू एक आणि बहुधा सणही एकच. उत्तर प्रदेशात मकर संक्रांतीला ‘खिचडी’ म्हणतात एवढेच. तरीही रेवडी दाताखाली काचेसारखी तडकते, आणि हलव्याच्या दाण्यावर मात्र बारीक पांढरे काटे उभे राहतात. एकाच साखरेची ही दोन रूपे कशी होतात, या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले म्हणजे लक्ष साखरेवरून तिच्याबरोबर पाकात असलेल्या इतर द्रव्यांकडे वळते. या परक्या द्रव्यांना व्यवहारात आपण मळ किंवा मळी म्हणतो. ती कोणती, किती आणि कोणत्या वेळी पाकात आली, यावर पदार्थाचे रूप पुष्कळसे अवलंबून असते.

प्रथम शुद्ध साखरेची रीत पाहू. उसातील साखरेला शास्त्रीय परिभाषेत इक्षुशर्करा म्हणतात. साधारण २० अंश सेल्सियस उष्णतेच्या १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते. तेच पाणी उकळीच्या उष्णतेला आणले तर त्यात ४८० ग्रॅमच्या वर साखर मावते. असा कढत, भरगच्च पाक निवू लागला की त्याच्या अंगी नसलेला भार त्याला पेलावा लागतो. या अवस्थेस अतिसंपृक्त अवस्था म्हणतात. जास्तीची साखर बाहेर पडावयास उत्सुक असते, पण तिला निमित्त हवे असते. साखरेचा एखादा कण, धुळीचा एखादा रेणू, भांड्याच्या काठावर वाळलेला पाकाचा थेंब किंवा नुसते पळीने ढवळणे एवढेही निमित्त पुरते. एकदा बीजकण तयार झाला म्हणजे त्याच्या अंगावर साखरेचे अणुसमूह थरावर थर रचू लागतात आणि स्फटिक वाढतो.

ही रचना घडीव चिऱ्यांच्या भिंतीसारखी असते. सारख्या मापाचा चिरा आपल्या जागी बिनचूक बसतो. वेड्यावाकड्या दगडाला तेथे थारा मिळत नाही. स्फटिक सावकाश वाढत असेल तर तो परक्या द्रव्यांना बाहेर ठेवतो आणि स्वतः निर्मळ राहतो. खडीसाखर किंवा मिश्री अशीच तयार होते. पाकात दोरे सोडून ठेवतात, पाक अगदी संथपणे निवू देतात, आणि काही दिवसांनी दोऱ्याभोवती मोठे, पारदर्शक खडे धरतात. घाईने वाढलेल्या स्फटिकाच्या पोटात मात्र पाकाचे सूक्ष्म थेंब अडकून पडतात, आणि त्या थेंबांबरोबर रंग, क्षार व ओलही आत राहते. अशी साखर वरून कितीही धुतली तरी पूर्णपणे उजळत नाही, कारण मळ तिच्या अंगावर नसून अंतरंगात असतो.

साखर स्वच्छ करण्याची कला भारतात फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा असे गोड पदार्थांचे प्रकार सांगितले आहेत. काकवीसारख्या दाट रसापासून रवाळ साखरेपर्यंतची ही चढती भाजणीच म्हणता येईल. ‘शर्करा’ या शब्दाचा एक अर्थ बारीक खडे असाही आहे. साखरेला तिचे नावच दाण्यावरून मिळाले. उत्तर प्रदेशात, विशेषतः रोहिलखंडाच्या बाजूस, खांडसरी करणारे लोक दाणा धरलेला दाट रस, ज्याला ते ‘राब’ म्हणतात, तो निथळत ठेवीत आणि त्यावर नदीनाल्यांतील सिवार, म्हणजे पाणशेवाळ, पसरीत. त्या शेवाळातील ओल हळूहळू खाली झिरपे आणि दाण्यांभोवतीचा काळसर चिकट लेप धुऊन नेई. वरचा थर पांढरा झाला की तो खरवडून घ्यावयाचा आणि पुन्हा नवे शेवाळ पसरावयाचे. मळ दाण्याच्या बाहेर असतो तोवर थोड्याशा पाण्यानेही तो काढता येतो, हे त्या कारागिरांना कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होते.

या परक्या द्रव्यांचे ढोबळ मानाने तीन वर्ग करता येतील. पहिला वर्ग न विरघळणाऱ्या कणांचा. माती, धूळ, उसाची चोथरी हे कण पाकात जागोजागी बीजासारखे काम करतात आणि नको तेथे, नको तितके दाणे धरवतात. दुसरा वर्ग विरघळलेल्या इतर शर्करांचा. इक्षुशर्करा आम्लाबरोबर तापविली म्हणजे ती फुटून तिच्यापासून द्राक्षशर्करा आणि फलशर्करा अशा दोन शर्करा होतात. त्या पाकात मिसळल्या की इक्षुशर्करेच्या अणूंना एकमेकांजवळ येण्यास अडथळा होतो आणि दाणा धरणे लांबते किंवा थांबते. तिसरा वर्ग क्षार, डिंकासारखे पदार्थ आणि रंगद्रव्ये यांचा. यांपैकी काही पाक दाट करतात, काही साखरेला द्रवातच धरून ठेवतात, आणि काही तर वाढत्या स्फटिकाच्या एखाद्या बाजूस चिकटून त्याचा आकारच बिघडवितात. हे तीन वर्ग ध्यानात ठेवले म्हणजे चौकातील हलवायाची आणि महाराष्ट्रातील गृहिणीची कृती एकाच सूत्राने उलगडते.

रेवडी करणाऱ्याला दाणा नको असतो. त्याला साखर अशा कडक अवस्थेत हवी असते की जिच्यात अणूंची शिस्तबद्ध मांडणी झालेली नाही. शास्त्रज्ञ या अवस्थेची गणना काचेत करतात. म्हणून तो पाकात लिंबाचा रस किंवा लिंबाचे सत्त्व घालतो. आम्लामुळे थोडी साखर फुटते आणि उरलेल्या साखरेला दाणा धरू देत नाही. पाक जवळजवळ सर्व पाणी उडून जाईपर्यंत आटवितात, थंड पृष्ठावर ओततात, आणि हाताला सोसेल इतका निवाला की खुंटीला अडकवून पुनःपुन्हा ताणतात. ताणताना त्यात हवेचे असंख्य सूक्ष्म पदर शिरतात. पिवळसर पारदर्शक गोळा रेशमासारखा पांढरा होतो आणि खाताना खुसखुशीतपणा येतो. मग त्याचे लहान तुकडे करून, चपटे दाबून, तिळांत घोळवितात. गुळाच्या रेवडीस वेगळे आम्ल फारसे लागत नाही, कारण फुटलेली साखर गुळात मुळातच असते.

या कृतीत आम्लाचे प्रमाण हाच कळीचा मुद्दा आहे. ते कमी पडले तर ताणता ताणताच गोळा रवाळ होतो आणि भुगा होऊन हाती येतो. ते जास्त झाले तर रेवडी प्रथम चांगली दिसते, पण फलशर्करेला हवेतील ओल शोषून घेण्याची मोठी हौस असल्यामुळे थोड्याच दिवसांत ती चिकट होते आणि तिळांसकट एकमेकींना बिलगते. रेवडीचा हंगाम कोरड्या थंडीचा का, आणि पावसाळ्यात ती घट्ट झाकणाच्या डब्यात का ठेवावी लागते, याचे कारण येथे सापडते. महाराष्ट्रात तिळाच्या वड्यांसाठी ‘चिक्कीचा गूळ’ वेगळा मागून घेतात, त्यामागेही हाच अनुभव आहे. त्या गुळाच्या पाकाला दाणा न धरता काचेसारखा कडकपणा येतो. साध्या गुळाची वडी मऊ होते, मग तिळाची चूक नसताना तिळाला दोष दिला जातो.

काटेरी हलव्याची गोष्ट बरोबर उलट आहे. येथे दाणा हवा, आणि तोही नियमाने वाढणारा हवा. पाक करताना त्यात थोडे दूध घालतात. उष्णतेने दुधातील प्रथिने गोठतात, पाकातील बारीक मळ आपल्यात गुंतवून घेतात आणि फेस होऊन वर येतात. ही मळी झाऱ्याने काढून टाकली म्हणजे पाक स्वच्छ होतो. धुळीच्या कणांमुळे अवेळी दाणे धरण्याचे भय उरत नाही. नंतर मंद आचेवरील परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा घेऊन त्यावर चमचा-चमचा पाक सोडतात आणि बोटांनी अलगद फिरवीत राहतात. प्रत्येक वेळी पाकाचा पातळ लेप वाळतो, त्यातील साखर आधीच्या थरावर दाणा धरते, आणि जेथे जरा उंचवटा असेल तेथे पुढचा थर अधिक चढतो. असे होता होता काटा उभा राहतो. पहाटेच्या कोरड्या थंडीत हलव्याला काटा चांगला येतो, हा आजीबाईंचा अनुभव शास्त्राला धरून आहे. त्या हवेत लेप लवकर वाळतो आणि लवकर निवतो. लिंबू मात्र येथे फार जपून वापरावे लागते. दोन थेंबांनी पाक नितळ होतो. हात सैल सुटला तर काटा येत नाही आणि दाणे परातीलाच चिकटून बसतात. नव्या सुनेच्या आणि बोरन्हाणाच्या बाळाच्या अंगावर जे हलव्याचे दागिने चढतात, त्यांच्या शोभेमागे पाकातील मळीचा आणि आम्लाचा असा काटेकोर हिशेब असतो.

या दोन टोकांच्या मध्ये आणखी एक प्रकार आहे. दिवाळीत लखनौच्या बाजारात साखरेचे हत्ती, घोडे, मनोरे मिळतात. त्यांना तेथे ‘खिलौने’ म्हणतात. आपल्याकडील गुढीपाडव्याच्या गाठी त्यांच्याच नात्यातल्या. पाक दाट करून तो घोटतात, म्हणजे एकाच वेळी असंख्य बीजकण उत्पन्न होतात, आणि लगेच साच्यात ओततात. दाणे पुष्कळ असल्यामुळे एकही मोठा होऊ शकत नाही. या सूक्ष्म दाण्यांवरून प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, म्हणून गाठी दुधासारखी पांढरी दिसते. मिश्रीचा खडा मात्र तीच साखर असून काचेसारखा पारदर्शक असतो. पांढरेपणा आणि शुद्धता या दोन गोष्टी एक नव्हेत, याचा हा घरगुती पुरावा आहे.

घरच्या बरणीतही याच नियमाचे प्रत्यंतर येते. पुरेसे आम्ल नसलेल्या फळाच्या मुरांब्यात काही महिन्यांनी साखरेचे खडे धरतात. आंबट कैरीच्या मुरांब्यात ते सहसा धरत नाहीत. मधाच्या बाबतीत लोकांचा मोठा गैरसमज आढळतो. थंडीत मध रवाळ झाला की त्यात साखरेची भेसळ आहे असे समजून तो परत केला जातो. वस्तुतः मधातील द्राक्षशर्करा थंडीत आपोआप स्फटिकरूप होते आणि फुलांतील परागकण त्या कामी बीज पुरवितात. रवाळपणावरून मध खोटा ठरत नाही, आणि पातळ राहिला म्हणून खराही ठरत नाही.

हलवायाच्या कढईत जे प्रश्न शेर-दोन शेरांचे असतात, ते कारखान्यात हजारो टनांचे होतात. सन १९३२ मध्ये साखर धंद्याला जकातीचे संरक्षण मिळाले आणि उत्तर प्रदेश व बिहार येथे झपाट्याने कारखाने उभे राहिले. त्यांना शास्त्राची जोड मिळावी म्हणून लखनौजवळच कानपूर येथे १९३६ मध्ये शर्करा तंत्रज्ञानाची संस्था निघाली. १९५७ पासून ती राष्ट्रीय शर्करा संस्था या नावाने ओळखली जाते. खुद्द लखनौत १९५२ मध्ये भारतीय ऊस संशोधन संस्था स्थापन झाली. महाराष्ट्रात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचे गाळप १९५० च्या अखेरीस सुरू झाले, आणि १९७५ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे या धंद्याची स्वतंत्र संशोधन संस्था निघाली, जी आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून प्रसिद्ध आहे. या सर्व ठिकाणच्या संशोधनाचा मोठा भाग एकाच प्रश्नाभोवती फिरतो: रसात जी साखर आहे ती सगळी पोत्यात का येत नाही?

कारखान्यात रसाला चुना आणि गंधकाचा वायू देऊन मळ खाली बसवितात. मग निर्वात भांड्यात, म्हणजे हवेचा दाब कमी करून, साधारण ६० ते ७० अंशांवरच रस उकळवून दाणा धरवितात. एडवर्ड हॉवर्ड या इंग्रजाने एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात काढलेली ही युक्ती अजूनही या धंद्याचा पाया आहे, कारण कमी उष्णतेत साखर करपत नाही आणि फुटतही नाही. दाणे फिरत्या यंत्रात वेगळे काढले की उरलेला रस पुन्हा उकळतात, आणि पुन्हा एकदा. प्रत्येक फेरीत साखर निघून जाते, परकी द्रव्ये मात्र मागे राहून साचत जातात. शेवटी अशी वेळ येते की रस काळा, दाट आणि हट्टी होतो. त्यात वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश इक्षुशर्करा असूनही ती स्फटिकरूपाने बाहेर काढणे परवडत नाही. कारखान्याच्या भाषेत हीच मळी. तिच्यापासून मद्यार्क होतो आणि तिला किंमतही येते, तथापि साखर म्हणून जे हाती यावयाचे ते गेलेलेच असते.

या मळीत किती साखर अडकणार हे बरेचसे फडातच ठरते. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की त्यातील साखर फुटू लागते, आणि तोडीच्या जागेतून सूक्ष्म जंतू शिरून साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा डिंकासारखा पदार्थ करतात. या पदार्थाने दुहेरी नुकसान होते. रस दाट होऊन गाळणे आणि उकळणे मंदावते, शिवाय स्फटिक एका अंगाने लांबट, सुईसारखे वाढू लागतात. असे दाणे यंत्रात एकमेकांत अडकतात आणि त्यांच्यामधील मळी नीट धुतली जात नाही. म्हणून ऊस तोडल्यापासून शक्य तो २४ तासांच्या आत गाळला जावा असा आग्रह धरतात, आणि जळालेल्या उसाला तर त्याहून अधिक घाई करावी लागते. उसाचा भाव उताऱ्याशी, म्हणजे शंभर भाग उसातून निघणाऱ्या साखरेशी जोडलेला असतो. रस्त्यावर थांबलेली बैलगाडी, बंद पडलेले यंत्र किंवा उशिरा आलेली तोडणी-टोळी यांमुळे जी साखर मळीत जाते, तिचा भार शेवटी उत्पादकाच्याच पदरात पडतो. पाकातील चार द्रव्यांचा हा प्रश्न अशा रीतीने गावाच्या संसारापर्यंत पोहोचतो.

साखरेच्या पोत्यावर ‘एम-३०’ किंवा ‘एस-३०’ असा शिक्का दिसतो. त्यातील अक्षर दाण्याचे आकारमान सांगते आणि आकडा रंगाची प्रत सांगतो. व्यापारात प्रतवारी डोळ्यांना दिसणाऱ्या या दोन गुणांवर होते, हे सोयीचे आहे खरे. परंतु डोळ्याला सुखावण्याच्या नादात खाणाऱ्याच्या प्रकृतीकडे दुर्लक्ष होण्याचा धोकाही त्यातूनच उद्भवतो. गुळाचे उदाहरण घ्यावे. कोल्हापूरच्या गुऱ्हाळांतून कढईतल्या रसात रानभेंडीच्या झाडाचा बुळबुळीत रस घालून मळी वर आणण्याची जुनी रीत आहे. तो रस मळ गुंतवून घेतो आणि मळीबरोबरच बाहेर जातो, गुळात राहत नाही. पुढे बाजारात पिवळ्याधमक गुळाला अधिक भाव मिळू लागला आणि काही ठिकाणी ‘हायड्रॉस’ नावाची भुकटी रसात पडू लागली. ही भुकटी रंग फिका करते, मळ काढीत नाही. काही दिवसांनी तोच गूळ पुन्हा काळवंडतो, आणि गंधकाचा अंश मात्र खाणाऱ्याच्या पोटात जातो.

१९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याने आणि त्याची जागा घेणाऱ्या २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याने या बाबतीत मर्यादा घालून दिल्या आहेत. कारखान्यातील पांढऱ्या साखरेत गंधकाच्या वायूचा अंश दर किलोस ७० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये, असे मानक आहे. पण प्रत्येक ढेपेमागे तपासनीस उभा राहू शकत नाही. ग्राहकाने गूळ घेताना थोडा काळसर पण रवाळ, खमंग वासाचा घ्यावा, आणि अतिशय उजळ रंगाला भाळू नये, एवढे तरी त्याच्या हाती आहे.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने परके द्रव्य जात्याच वाईट नसते. लिंबाचा रस हाही साखरेच्या दृष्टीने परकाच; त्याच्या थोड्या थेंबांवर रेवडीचा खुसखुशीतपणा उभा आहे. कारखानदाराला ज्याची अडचण होते तेच हलवायाच्या उपयोगी पडते, आणि गुळाची चव व रंग तर त्यातील ‘अशुद्ध’ द्रव्यांचीच देणगी आहे. म्हणून कोणताही गोड पदार्थ पारखताना दोन गोष्टी विचाराव्यात: यात साखरेखेरीज काय आहे, आणि ते कशासाठी घातले आहे? पाकाला वळण देण्यासाठी घातलेले द्रव्य पदार्थाची प्रत वाढविते. दोष झाकण्यासाठी घातलेले द्रव्य ती कमी करते, मग रंग कितीही मोहक असो. चौकातील जुना कारागीर पाकाचा थेंब पाण्यात टाकून, बोटांत चाचपून हा निवाडा करीत आला आहे, आणि प्रयोगशाळेतील उपकरणे त्याच निवाड्याला आता आकड्यांची अचूकता देत आहेत.